दोनदा श्वास

याकूब मुकादमनं ती तबकडी
कुठल्याशा बंदरात सिगरेटच्या दोन पाकिटांवर घेतली,
तेलकट चादरीत गुंडाळून वेंगुर्ल्याला आणली.
म्हणाला, बाईचं नाव विसरलो,
पण ती गायला लागली की डोक्यातलं इंजिन बंद पडतं.
लेबल पुढं झुरळांनी खाल्लं.

गाणं आमच्याकडे आलं ते असं,
बिननावाचं, एक शब्द कळेल तर शपथ.
एक बाई. मागं ऑर्गन. ढोल इतका हळू
की निजलेल्या घरात कुणी चपला हातात घेऊन शिरावं.
तिसऱ्या ओळीआधी ती श्वास घेते,
सुई अडखळते,
ती परत श्वास घेते.
मग ओळ.

बंदराच्या उतारावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं रेडिओ-टेपचं दुकान.
गाणी माझ्याकडे येतात ती आजारी पडूनच,
त्यामुळे ह्याचं कुणी काय केलं ते मला ठाऊक आहे.

पुंडलिक आंगचेकरनं ते क्लॅरिनेटवर बसवलं.
उभादांड्याच्या वरातीत बाईचं सगळं दुःख
गॅसबत्त्यांखाली कंबर हलवायला लागलं.
तिसऱ्या ओळीआधी मात्र अख्खा बँड थबकायचा.
झांजवाला घाईत सुटला की पुंडलिक ओरडे,
"दोन खेपा, मेल्या! दोन खेपा!"

भिवा राऊळच्या पायपेटीतून ते दशावतारात शिरलं.
पहाटे तीनला, गुळगुळीत दाढी केलेला दामू
वनात टाकलेली राणी होऊन
त्याच चालीवर नवरा शोधायचा.
दोन हुंदके. बाया पदर तोंडाशी न्यायच्या.

डबलबारीत त्याचा गजर झाला,
पहिला श्वास ह्या बुवांचा, दुसरा समोरच्यांचा,
आणि कोण सरस ह्यावरून रात्रभर भांडण.
मास्तर कायताननं नाताळला चार आवाजांत म्हणवलं.
नवीन फादरनी विचारलं, इथं हा विराम कसला?
"तसोच आसा तो, फादर."

परवा शिमग्यात कुबलांच्या पोरानं
टेम्पोवर कपाटाएवढे स्पीकर लावून
त्याच्यावर धडधड चढवली.
गाण्याचं वाटोळं केलंन, म्हातारे म्हणाले.
मीही म्हणालो.
पण मनात मोजलं. दोन होते.

मग याकूबची नात आली, तहसीन, दुबईहून.
"काका, मूळ गाणं सापडलं," म्हणत
फोन काउंटरवर ठेवला, सोल्डरच्या धुरात.
बाई. ऑर्गन. ढोल. काचेसारखं स्वच्छ.
तिसऱ्या ओळीआधी एक श्वास,
आणि ओळ सुरू.

अंधारात अजून एक पायरी आहे समजून
पाय खाली टाकावा आणि जमीनच लागावी,
तसा दणका बसला.
मी विचारलं, ही कोण गातेय?
"तीच, काका. ही खरी."

तबकडीही आणली होती तिनं,
ओरखडा जाईल का बघायला.
भिंगाखाली धरली.
पडून झालेला ओरखडा एकच असतो, आडवातिडवा.
इथं केसाएवढ्या बारीक पन्नासेक रेघा,
सगळ्या एकाच जागी, आतून बाहेर,
कुणीतरी सुई मागं ओढलेली,
पुन्हा मागं,
पुन्हा.

याकूब वर्षाचे दहा महिने पाण्यावर.
घरात हलीमाबी, आणि ही.

तहसीन भिंगातून खूप वेळ बघत राहिली.
"दादीला गाणी आवडायची नाहीत," म्हणाली.
"निदान आमच्यासमोर."

बाहेर बर्फ फोडत होते.
मी तबकडी फडक्यानं पुसली, पाकिटात सरकवली,
पावतीवर तारीख घातली,
आणि कामाच्या रकान्यात लिहिलं:
बिघाड नाही.